अंगावरचं दूध

बीड
२८ जानेवारी २००२

अक्का,

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरली असशील. घाबरू नकोस, आप्पा ठीक आहेत. लिंबागणेशलाच आहेत, गुडघे दुखतात एवढंच. तुझं नाव अजून घरात काढू देत नाहीत.

मला सातवा महिना लागलाय. हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आई गेल्यावर आपल्याकडं करणारं कोण आहे? म्हणून इथंच होणार, सासरी.

तुझा पत्ता माझ्याजवळ केव्हाचा आहे. लिहिलं नाही, कारण राग होता. हळदीच्या दिवशी सकाळी तू निघून गेलीस आणि मांडव मोडायला नको म्हणून आप्पांनी त्याच मुहूर्तावर मला उभं केलं. तुझ्या मापाच्या बांगड्या माझ्या हातात सैल होत होत्या. तू पुढं शिकायचं म्हणून गेलीस, हे मला नंतर कळलं. शिकलीस ना? औरंगाबादला शाळेत बाई झालीस असं ऐकते. चांगलं झालं.

इथं सगळं बरं आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. मामंजींना तू सोयरिकीच्या वेळी पाहिलंच आहेस, बोलणं कमी आणि नजर सगळीकडं. सासू म्हणून आत्याबाई स्वभावानं वाईट नाहीत. माझ्या डोहाळ्यांसाठी कवठ शोधत साऱ्या बाजारात फिरल्या. हे दुकानाच्या कामात असतात. अधूनमधून खोकतात.

मागच्या आठवड्यात तुझ्या औरंगाबादला येऊन गेले. इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, त्यात थोडा दोष निघाला, म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. रिक्षातून जाताना प्रत्येक शाळेच्या फाटकाकडं बघत होते. यांना तुझ्याबद्दल विचारायचा धीर झाला नाही. काळजीचं काही नाही.

उत्तर लिहिलंस तर इथल्या पत्त्यावर नको. टपाल आधी मामंजींच्या हातात पडतं. शेजारच्या हजराबीच्या नावावर पाठव. तिच्या मुलाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पत्ता मागं लिहिलाय. मी तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी. या गल्लीत माझं असं तीच एक माणूस आहे.

एक विचारायचं होतं. तुझ्या ओळखीत पहिल्या दिवसापासून वरच्या दुधावर वाढलेलं मूल आहे का? धडधाकट राहिलेलं? सहज विचारते.

कावेरी


बीड
२ मार्च २००२

अक्का,

तुझं पत्र खालानं पदराखाली आणून दिलं. तू एकच ओळ दोनदा लिहिली आहेस, 'रक्तात कसला दोष?' मास्तरीण शोभतेस.

मला एचआयव्ही आहे. लोक एड्स म्हणतात तोच. लिहिलं बघ. इतके दिवस तोंडातून निघाला नव्हता तो शब्द.

त्या दवाखान्यात एका बाईंनी मला आत घेतलं आणि दार लावलं. हे बाहेर बाकावर. बाईंनी सांगितलं, बाळाला होईलच असं नाही, पण होऊ शकतो. पोटात असताना, बाळंत होताना, आणि नंतर दुधातून.

"दुधातून?" मी विचारलं. बाकीचं सगळं माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

"हो. म्हणून दोनच रस्ते आहेत. वरचं पाजणार असाल तर फक्त वरचं, एक थेंबही अंगावरचा नाही. अंगावर पाजणार असाल तर फक्त अंगावरचं. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आणि चार महिन्यांनी एकदम बंद. दोन्ही मिळून पाजलंत तर सगळ्यात वाईट. वरच्यानं बाळाची आतडी सोलवटतात आणि अंगावरच्यातला आजार तिथून आत शिरतो."

मग त्यांनी विचारलं, नळाला पाणी रोज येतं का? मी म्हटलं, आठवड्यातून येतं, एरवी टँकर. वाटी-चमचा दर वेळी उकळून घेता येईल का? बाळाला जवळ का घेत नाही, हे घरात सांगता येईल का?

 त्यांनी एक गोळी दिली, कळा सुरू झाल्या की घ्यायची. बाळाला द्यायचं औषध नंतर न्यायला सांगितलं.

गेवराई मागं पडल्यावर बसमध्ये हे पहिल्यांदा बोलले. "आईला कळू देऊ नको. तुझे आप्पा तर जीवच देतील."

"तुमाला कधीपासून म्हाईत हाय?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मागल्या उन्हाळ्यात. सोलापूरला खोकला दाखवाया गेलतो तवा."

मागल्या उन्हाळ्यात बाळ माझ्या पोटात नव्हतं, अक्का. 

तू लिहितेस, निघून माझ्याकडं ये. पोटुशी बाई नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडं कशी येते? तीही अशा बहिणीकडं, जिचं नाव कुणी घेत नाही. कारण काय सांगू? आणि खरं कारण सांगितलं तर तुझा घरमालक तरी मला जिना चढू देईल का?

कधी मनात येतं, मी तुझ्या जागेवर उभी आहे. येतं आणि जातं. तुला दोष देत नाही. पण येतं.

कावेरी


बीड
२६ मे २००२

अक्का,

मुलगा झाला. योगीराज नाव ठेवलं. रंग आपल्या आईचा, कपाळ यांचं.

कळा सुरू झाल्यावर गोळी मीच गिळली, संडासात जाऊन. आत्याबाई बाहेरून हाका मारत होत्या. बाळाचं औषध यांनी औरंगाबादहून आणलं आणि आत्याबाई नैवेद्य दाखवायला गेल्या तेव्हा स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात सोडलं. थेंब सांडू नये म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. तेवढं एक त्यांनी केलं. मी ते विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही.

अंगावर पाजते आहे. ठरवलं असं काही नाही. वरच्या दुधाचा डबा या घरात आणायचा म्हणजे दारावर पाटी लावण्यासारखं आहे. शिवाय इथं पाणी हिरवट येतंय आणि गल्लीत दोन लेकरं जुलाबानं गेली. बाई म्हणाल्या होत्या, जे पाळता येईल ते धरा. मी हे धरलं.

पण पाळणंच अवघड. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी मधाचं बोट पुढं केलं. मी बाळाला छातीशी घेऊन भिंतीकडं वळले. नंतर घुटी उगाळली, जायफळ, वेखंड, मुरडशेंग. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई रागावतात.

"डाक्टरनी न्हवती तवा काय लेकरं जगली न्हाईत? माझ्या महांतेशला म्या घुटीवरच वाढिवला."

आता मी न्हायलासुद्धा घाईघाईनं जाते. माझ्यामागं कुणी चमचाभर काही पाजेल या धाकानं केस ओलेच घेऊन पळत येते. आत्याबाई शेजारणींना सांगतात, सुनेला लेकराचं लई याड हाय. त्यांना कौतुक वाटतं त्याचं.

तो पिताना डोळे मिटून घेतो. मूठ माझ्या पोलक्यावर ठेवतो. घोट गिळल्याचा आवाज येतो आणि दर घोटाला वाटतं, आता गेला का आत? हाच होता का तो घोट? त्याला ओढून काढावंसं वाटतं आणि तो पोट भरून हसला की जीव शांत होतो. एकाच वेळी दोन्ही. माझंच दूध, त्याची भूक, आणि मध्ये मी. कुठं जाऊ?

दीड वर्षाचा होईपर्यंत त्याचं रक्त खरं सांगत नाही म्हणे. तोवर त्यात आईचंच बोलत राहतं.

कावेरी


बीड
९ ऑगस्ट २००२

अक्का,

हे पत्र टाकायला मी स्वतः पोस्टात जाणार आहे. आता कुणाच्या हातून जायची सोय राहिली नाही. आणि कुणी अडवणारही नाही, कारण माझ्या अंगाला हात लावायला सगळे भितात.

खालाच्या सुनेला, नाजियाभाबीला, मुलगी झाली. बाळंतीण तापानं फणफणली, दवाखान्यात ठेवली, दूध आटलं. पोरीला शेळीचं दूध दिलं, ते उलटून पडायचं. एका दुपारी खाला पोरीला कुडत्याच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडं आली.

"बेटी, दोन घोट पाज. तुला भरपूर हाय. तुझा योगी इचा दूधभाऊ हुईल."

ती पोर रडतही नव्हती. नुसतं तोंड उघडझाप करत होती. आणि माझं पोलकं भिजलं, अक्का. दुसऱ्याच्या लेकराला बघूनसुद्धा भिजतं.

मी म्हटलं, "न्हाई पाजता यायचं, खाला."

"कावून?"

मी पदर छातीवर ओढून घेतला.

खाला माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहराच बदलला. "समजलं. जात आडवी आली व्हय? मी तुझी पत्रं पदराखाली वागवली, तवा न्हाई आली." ती उठून गेली. जिन्यावर एकदा थांबली, वाटलं मी हाक मारीन. मी मारली नाही. तिला तसंच वाटू दे, असं ठरवलं. पोर माझ्यापासून लांब राहिली, एवढं पुष्कळ.

पण ते आत्याबाईंच्या कानावर गेलं. मला वाटलं होतं, त्यांना बरंच वाटेल. झालं उलटं. सकाळी त्या स्वतः जाऊन पोरीला घेऊन आल्या, मागं खाला, तिच्यामागं गल्लीतल्या दोघी-तिघी.

"दुधाला कसली आली जात?" आत्याबाई म्हणाल्या. "म्या तापानं पडलते तवा माझ्या महांतेशला या हजराबीच्या सासूनं पाजलंय. ते दूध फेडायचं कवा?" आणि त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, माझा पदर बाजूला केला आणि पोलक्याच्या गुंड्यांना हात घातला. पोरीनं वासावर तोंड वळवलं. तिचे ओठ लागतच होते.

मी तिला उचलून खालाच्या अंगावर जवळजवळ फेकली आणि ओरडले, "पाजू नका! एड्स हाय मला! माझ्या दुधात हाय!"

शेजारणी दाराकडं सरकल्या. मग आत्याबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आन् मग माझ्या नातवाला कावून पाजतीस?"

याचं उत्तर माझ्याकडं आहे, अक्का. वरचं-अंगावरचं, पाणी, आतडी, बाईंनी सांगितलेलं सगळं. पण ते तोंडात आलंच नाही. त्या प्रश्नापुढं काय टिकतं?

आरडाओरडा ऐकून हे दुकानातून वर आले. मागं मामंजी. आत्याबाईंनी विचारलं, "हिला कुठनं झालं रं?"

मी यांच्याकडं बघितलं. यांनी जिन्याच्या कठड्याकडं बघितलं.

"मला काय म्हाईत," म्हणाले.

त्यानंतर योगी माझ्याकडं नाही. त्याच दुपारी आत्याबाईंनी त्याला गाईचं दूध पाजलं. संध्याकाळी तो रडून निळा व्हायला लागला तेव्हा माझ्याकडं आणला, "घे, थोडं पाज, मग आणीक वरचं दिऊ." मी नाही घेतलं. दोन्ही मिळून नाही. आता एकदा वरचं सुरू झालं, ते वरचंच. तो हात पसरत होता आणि मी पाठ फिरवून उभी राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "आई न्हाई, दगड हाय."

छातीत गाठी आल्यात. ताप आहे. कोबीची पानं बांधून घेते. भिंतीपलीकडं तो रडला की अजूनही भिजतं.

कावेरी


बीड
२० जानेवारी २००३

अक्का,

मागची खोली मला दिली आहे, जिथं पोचे गेलेली भांडी ठेवतात. ताट वेगळं, तांब्या वेगळा. हाकललं का नाही, ते सांगते. हाकललं तर गाव कारण विचारील. त्या दिवशीच्या शेजारणींना मामंजींनी बोलावून सांगितलं की सूनबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीही बरळते. गल्लीनं अर्धं मानलं. आत्याबाईंना मात्र खरं वाटलंय. त्यांच्या लेखी खरं हेच, की मी बाहेरून आणलं.

योगी रांगतो. मधल्या दाराशी येऊन फळीवर थापा मारतो. त्याला वाटतं खेळ आहे. मी अलीकडून थाप मारते. तो आत्याबाईंना आई म्हणायला शिकतोय.

हे मधून मधून दारात येऊन उभे राहतात. फार वाळलेत. परवा म्हणाले, "कावेरी, मला बोलताच येईना बघ." मी म्हटलं, "मला येतंय. पण माझं कोण ऐकतंय?"

एक चांगलं सांगते. खाला आली. मागच्या दारानं, भर दुपारी, भाजी निवडायचं सूप घेऊन. नाजियाभाबी बरी होऊन घरी आली, पोर गुटगुटीत आहे. खाला माझ्याजवळ बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. इतक्या दिवसांत इतकं जवळ कुणी बसलं नव्हतं.

"मी तुला काय बोलले, आन् तू काय केलंस," म्हणाली. "तोंड मिटून पाजलं असतंस तर तुझं घर ऱ्हायलं असतं."

मी म्हटलं, "खाला, पोर राहिली नसती."

ती रडली. मग आत जाऊन तिनं आत्याबाईंना काय सांगितलं मला माहीत नाही, पण तेव्हापासून योगीची वाटी उकळून घेतात. मी इथून पातेल्याचा आवाज ऐकते.

तुझी पत्रं पुन्हा तिच्याकडं येऊ दे.

कावेरी


बीड
२७ ऑक्टोबर २००३

अक्का,

योगीला नाही.

आधी हेच लिहायचं होतं. त्याला नाही. काल यांनी दवाखान्यातून कागद आणला आणि पहिल्यांदा सरळ माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "सुटला." आम्ही दोघं पोचे गेलेल्या भांड्यांमध्ये बसून रडलो. नवरा-बायको म्हणून तेवढंच एक केलं असेल आम्ही.

आता पुढचं. तुझी गरज आहे, म्हणून नीट वाच.

मामंजींनी ठरवलंय. पोरगा निरोगी आहे, वंश राहिला. मग मला कशाला ठेवायचं? कार्तिकी पौर्णिमेला सगळी कपिलधारला जाणार आहेत, यात्रेला. मलाही नेणार. परत येताना मला लिंबागणेशला आप्पांच्या दारात सोडणार आणि योगी यांच्याबरोबर बीडला येणार. आत्याबाईंनीच सांगितलं, वाईट बोलून नव्हे. "तुझ्याच्यानं हुतंय का? तू किती दिसाची? लेकराला आमीच बघणार."

गंमत बघ. इतके दिवस या घरातून सुटावं म्हणून तडफडत होते. आता दार उघडं करून देतायत, पण लेकरू आत ठेवून. मी राहिले तर उपरी, गेले तर त्याच्याविना. आप्पांना मी विचारलं नाही. ते मांडव मोडू देत नाहीत, तुला ठाऊक आहे.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, जपलं तर बरीच वर्षं काढता येतात. ती मला त्याच्याबरोबर काढायची आहेत.

कपिलधारला मोठी गर्दी असते. समाधीच्या खालच्या अंगाला, धबधब्याकडं उतरायच्या पायऱ्यांपाशी ये. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं माझ्या बाजूला उभं राहायचं. माझ्या बाजूला कुणी उभं राहिलं तर मला बोलता येईल असं वाटतं.

तू एकदा त्या घरातून गेलीस. आता मला न्यायला ये.

कावेरी


औरंगाबाद
१६ नोव्हेंबर २००३

खाला,

नाजियाभाबी वाचून दाखवील, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. आम्ही पोचलो. मी आणि योगी. अक्काची खोली लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे. घरमालकिणीला अक्कानं माझा आजार आधीच सांगून टाकला होता. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी योगीला फुटाणे दिले. पुढं काय ते बघू. मला एका शिवणवर्गात काम मिळेल असं अक्का म्हणते.

योगी अजून आत्याबाईंना शोधतो. दार वाजलं की "आई" म्हणून धावतो आणि कुणी दुसरं दिसलं की माझ्याकडं वळून बघतो. मी हात पुढं करते. परवा आला.

कपिलधारला काय झालं ते तुम्हाला गल्लीत वेगळंच ऐकायला मिळेल, म्हणून सांगते.

अक्का पायऱ्यांपाशी उभी होती. इतक्या वर्षांनी पाहिलं, केस कानाजवळ पांढरे झालेत. योगी आत्याबाईंच्या कडेवर. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "आत्याबाई, लेकरू द्या. मी बहिणीकडं जातेय, त्याला घेऊन."

त्यांनी त्याला दोन्ही हातांनी आवळला. "तुझ्या हातात? बाहेरून रोग आणून माझ्या घरात कालवलास, लेकराला पाजलास, देवानं वाचवला म्हणून. आता न्हाई देत." आवाज चढला. माणसं थांबली. कुणीतरी विचारलं, काय झालं? मामंजी म्हणाले, "डोकं फिरलंय सुनेचं, जावा तुमी पुढं."

अक्का माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.  मी म्हटलं, "मी पाजलं, ते त्याला जगवायला पाजलं. सांगितलं तसंच पाजलं, आणि ज्या दिवशी सोडायला पाहिजे त्या दिवशी सोडलं. त्याचं रक्त तुम्ही बघितलंत. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"रोग आणलास कुठून ते पाहिजे!" आत्याबाई म्हणाल्या.

हे मागं कट्ट्यावर बसले होते, मफलर गुंडाळून. चालवत नव्हतं म्हणून बसवलं होतं त्यांना. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. एकदा बघून काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. पण ते उठले. भिंतीला धरून आले.

"आई, सोड त्याला."

"तू बस, तुला दम लागतोय."

"माझ्यापासून झालंय तिला." खाला, माणसं ऐकत होती, तरी ते थांबले नाहीत. "लग्नाच्या आधीचं हाय माझं. मला कळालं तवा म्या तिला सांगितलं न्हाई. तुलाबी न्हाई. तिनं काय आणलं न्हाई, आई. म्या दिलं."

मामंजी पाठ करून धबधब्याकडं बघायला लागले. आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या यांच्याकडं बघत होत्या, त्यांच्या गळ्याकडं, मफलराखाली वर आलेल्या हाडांकडं. इतके दिवस खोकला म्हणून, दगदग म्हणून जे रोज बघत होत्या, तेच.

त्यांचे हात सैल झाले. योगी घसरला, तो मी झेलला. तो माझ्याकडं यायला तयार नव्हता, रडत त्यांच्याकडंच वळत होता. मला वाटलं, आता त्या पुन्हा ओढून घेतील.

पण त्यांनी माझ्या लेकराकडं बघितलंच नाही. पुढं होऊन त्यांनी आपल्या लेकराचा हात धरला.

तुमची
कावेरी